पेट्झोल्डचा जी मेजर मिनुएट ३० सुरांच्या म्युझिक बॉक्सवर: प्रकल्प नोंदी

कागदी पट्टीला भोकं पाडून हँडलने वाजवायच्या म्युझिक बॉक्ससाठी या नोंदी आहेत. खुणा अशा: मधला सी म्हणजे सी-४. क्वार्टर नोट म्हणजे एक मात्रा, एट्थ म्हणजे अर्धी मात्रा. एका बारमध्ये तीन मात्रा. बारचे आकडे पुनरावृत्ती न धरता १ ते ३२ असे आहेत.

१७ मे (२ तास)

रचना ठरली. संगीतकार बाखची पत्नी आना माग्दालेना बाख यांच्या १७२५ च्या वहीतला जी मेजर मिनुएट (तीन मात्रांचा जुना युरोपीय नाच), बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही परिशिष्ट ११४. पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हाताखालून हा जातो आणि पुष्कळ जुन्या पुस्तकांत अजूनही बाखच्या नावावर छापलेला दिसतो. वहीत या रचनेवर संगीतकाराचं नाव नाही. ती ड्रेस्डेनच्या सोफियेनकिर्शचा ऑर्गनवादक ख्रिस्टियान पेट्झोल्ड (१६७७–१७३३) याची आहे. पट्टीवर नाव लिहिणार असाल तर त्याचंच लिहा, एवढा मान त्याला मिळायलाच हवा.

म्युझिक बॉक्ससाठी हा तुकडा सोयीचा आहे. बहुतेक ठिकाणी दोनच सुरावटी, सोळा-सोळा बारचे दोन भाग, आणि अर्ध्या मात्रेपेक्षा जलद काही नाही.

हाताशी १५ सुरांची पेटी होती, म्हणून आधी तीच घेतली. तिच्यात सी-४ ते सी-६ असे दोन सप्तकांतले फक्त शुद्ध सूर आहेत. जी मेजरमधली चाल पाच अर्धस्वर वर सरकवून सी मेजरमध्ये आणली आणि पट्टी पाडली. पहिला भाग बरा वाजला. दुसरा भाग कोसळला, त्याची कारणं दोन. बार १७ आणि १८ मध्ये चाल डी-६ आणि ई-६ ला जाते, ते सूर पेटीत नाहीत. दुसरं कारण जास्त गंभीर. बार २० पासून चाल पंचमाला सा करून बसते आणि त्यासाठी एफ-शार्प लागतो. आपल्या भाषेत सी ला सा धरला तर तीव्र मध्यम. तो बार २० मध्ये दोनदा, २१ आणि २३ मध्ये एकेकदा वरच्या सुरावटीत येतो आणि बार २२ मध्ये डाव्या हातात एकदा. शुद्ध मध्यम घालून वाजवून पाहिलं. बार २४ वर चाल घरी पोहोचल्यासारखी वाटायला हवी, तिथे ती नुसतीच थांबते. पाच भोकांसाठी सगळा दुसरा भाग जातो.

१५ सुरांच्या पेटीवर हा मिनुएट करू नका. फक्त पहिला भाग हवा असेल तर चालेल.

१८ मे (३ तास, सगळे कागदावर)

३० सुरांची पेटी मागवली. त्या प्रकारच्या पेट्यांमधले सूर खालून वर असे असतात:

सी-३, डी-३, जी-३, ए-३, बी-३, सी-४, डी-४, ई-४, एफ-४, मग एफ-शार्प-४ पासून बी-४ पर्यंत सगळे बारा-सुरी क्रमाने, सी-५ ते बी-५ सगळे, आणि शेवटी सी-६, डी-६, ई-६.

खालच्या बाजूच्या रिकाम्या जागा नीट बघा: ई-३, एफ-३, एफ-शार्प-३, सी-शार्प-४, डी-शार्प-४ नाहीत.

पहिला मोह मूळ जी मेजरचा होता, कारण एफ-शार्प आता आहे. वरची सुरावट मूळ स्वरात पूर्ण बसते. डावा हात मात्र ठिकठिकाणी अडतो, उदाहरणार्थ: बार १३, १८ आणि २३ मध्ये एफ-शार्प-३ नाही, १९ मध्ये ई-३ नाही, २० मध्ये ए-२ नाही, २२ मध्ये सी-शार्प-४ नाही, ३१ मध्ये बी-२ नाही, आणि १६ व ३२ मधला शेवटचा जी-२ नाही. भाग संपताना खाली टेकणारा सूरच नसेल तर नाचाचं पाऊल अधांतरी राहतं.

मग तेच पाच अर्धस्वर वर, सी मेजरमध्ये मांडलं. वरची सुरावट जी-४ ते ई-६ झाली, म्हणजे पेटीच्या सगळ्यात वरच्या दातापर्यंत बरोब्बर (आतल्या फणीचा एक दात म्हणजे एक सूर). डाव्या हातात एफ-शार्प-३ चा बी-३ होतो, ई-३ चा ए-३, ए-२ चा डी-३, सी-शार्प-४ चा एफ-शार्प-४, आणि जी-२ चा सी-३, तोही पेटीचा सगळ्यात खालचा दात. सगळे आहेत. अख्ख्या मिनुएटमध्ये एकच सूर उरतो: बार ३१ ची दुसरी मात्रा, मूळ बी-२, जो सरकून ई-३ होतो आणि पेटीत नाही. त्याचं काय केलं ते १ जूनच्या नोंदीत आहे.

तीन तास लागले, कारण मी आधी एफ, डी आणि बी-फ्लॅट मेजरही तपासत बसलो. तुम्ही सरळ सी मेजर घ्या.

२४ मे (२ तास वाया)

पेटी आली. पट्टीची रुंदी ७० मिमी, दोन सुरांच्या रेघांमध्ये २ मिमी, म्हणजे पहिल्या ते तिसाव्या रेघेपर्यंत ५८ मिमी आणि दोन्ही कडांना ६-६ मिमी.

लांबीचं गणित करताना चूक झाली. अर्ध्या मात्रेला ३ मिमी धरले तर सोळा बार २८८ मिमीत बसतात, म्हणजे ए-४ कागदाच्या २९७ मिमीत. जोड टळतो म्हणून तसंच छापलं आणि पाडलं.

वाजवल्यावर बार २ मधला दुसरा सी-५ गायब. बार ४ मध्येही तेच, बार १० मध्येही. बार ५ मधला ई-५ वाजल्यावर बार ६ ची सुरुवात ज्या ई-५ ने होते तो गायब. भोकं स्वच्छ होती, रेघा बरोबर होत्या.

कारण यंत्रात आहे. प्रत्येक सुराखाली एक चांदणीसारखं छोटं चाक असतं. भोक आलं की चाकाचं टोक त्यात उतरतं, कागद पुढे जाताना चाक फिरवतो आणि दुसरं टोक फणीचा दात छेडतं. तोच सूर पुन्हा हवा असेल तर पुढचं टोक कागदावर येऊन बसायला अंतर लागतं. माझ्या पेटीत ८ मिमीला सूर दर वेळी वाजतो, ७ मिमीला कधी वाजतो कधी नाही, ६ मिमीला वाजतच नाही. आणि या मिनुएटमध्ये एकच सूर एका मात्रेच्या अंतराने परत येण्याच्या जागा फार आहेत: वर सांगितलेल्या सोडून उदाहरणार्थ बार १४ ते १५, २०–२१, २५, २६, २८, शिवाय डाव्या हातात बार ८ मधून ९ मध्ये आणि १२ मधून १३ मध्ये जाताना. एका मात्रेपेक्षा कमी अंतराने मात्र कुठेच नाही.

म्हणून अर्ध्या मात्रेला ४ मिमी. याहून कमी नाही. बार २४ मिमी, सोळा बार ३८४ मिमी.

२५ मे (३ तास)

ए-३ कार्डशीट, २०० जीएसएम. लांबी ४२० मिमी. सोळा बारचे ३८४ वजा केले की ३६ उरतात, पुढे १८ आणि मागे १८. रुंदी २९७ मध्ये ७० च्या चार पट्ट्या निघतात, म्हणजे दोन्ही भाग पुनरावृत्तीसकट एकाच शीटवर. इतकं चपखल जमेल असं वाटलं नव्हतं.

इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आखणी केली, छापून आणली, भोकं पाडली (पहिल्या भागात १०१, माझ्याकडच्या प्रतीनुसार), आणि वरच्या अंगाचे सूर चुकीचे वाजायला लागले. खालचे बरोबर, मधले अडखळणारे, वरचे शेजारच्या रेघेत.

शीटवर पट्टी लावून मोजलं. ७० मिमीची चौकट ६७.९ भरली. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला होता आणि सगळं ९७ टक्के झालं होतं. ऐकायला तीन टक्के किरकोळ वाटतात, पण ५८ मिमीवर ते १.७ मिमी होतात आणि दोन सुरांत अंतरच २ मिमी आहे.

आता प्रत्येक आखणीत कोपऱ्यात १०० मिमीची एक रेघ काढून ठेवतो. दुकानातून निघण्याआधी ती स्टीलच्या पट्टीने मोजायची. १०० भरली नाही तर शीट घेऊच नये.

दुसरी शीट बरोबर छापून आली. कापताना कटर छापलेल्या रेघेच्या आतल्या बाजूने चालवा. माझ्या पेटीत ६९.५ मिमीची पट्टी सुरेख सरकते, ७०.५ ची अडकते.

भोकांबद्दल: पेटीबरोबर आलेला पंच एका वेळी एकच भोक पाडतो, १०१ भोकांना पाऊण तास लागला. वेळ वाचवायला चामड्याचा २ मिमीचा पंच आणि हातोडी वापरून पाहिली. वेळ निम्मा झाला, पण भोकाची खालची कड फुगते आणि चाकाचं टोक तिच्यावर खरखरतं. पुन्हा साध्या पंचावर आलो. प्रत्येक भोकातली टिकली पूर्ण पडली आहे का ते पट्टी उजेडासमोर धरून बघा. लोंबकळणारी एक टिकली एक सूर खाते.

पट्टीच्या सुरुवातीचा खालच्या सुरांकडचा कोपरा तिरका कापून ठेवा. उलटी घातली तर खालचे सूर वर आणि वरचे खाली जातात, आणि ते पहिल्या सेकंदात लक्षात येतंच असं नाही.

३१ मे (दीड तास)

पहिला भाग वाजतो, पण पहिल्याच ठोक्याला हँडल जड लागतं आणि लय दबते. बार १ मध्ये डाव्या हाताला तीन सुरांचा कॉर्ड आहे, सी-४, ई-४, जी-४, आणि वर जी-५. चार चाकं एकदम फिरतात, त्याचा भार हाताला कळतो.

कॉर्डमधला एक सूर काढून पाहिला, पण सुरुवात पोकळ वाटली. मग भोकं सरकवली: सी-४ दोन मिमी आधी, ई-४ एक मिमी आधी, जी-४ आणि जी-५ ठोक्यावर. मात्रेला ८ मिमी आणि मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर कागद सेकंदाला १६ मिमी जातो, म्हणजे प्रत्येक मिमीला साधारण ६० मिलिसेकंद. हार्प्सिकॉर्डवर कॉर्ड उलगडून वाजवतात तसा तो खुलला आणि हँडलचा झटकाही गेला. हा या कामातला माझा सगळ्यात आवडता बदल आहे. बार ३२ च्या शेवटच्या कॉर्डलाही हेच केलं.

अलंकार: मॉर्डेंट जमणार नाहीत. मॉर्डेंट म्हणजे तोच सूर दोनदा, मधे खालचा शेजारी, तेही ८ मिमीच्या बरंच आत. चाक तयारच नसतं. सगळे काढले. सुरावर उतरणारी लहान आगंतुक नोट मात्र चालते, कारण दोन्ही सूर वेगळ्या दातांवर असतात. बार ८ च्या शेवटच्या लांब सुराआधी त्याच्या वरचा शेजारी सूर (मूळ बी, इथे ई-५) अर्धी मात्रा ठेवला आणि मग डी-५. छान बसला. पण मग डी-५ अर्धी मात्रा उशिरा येतो, हे आखताना विसरू नका.

१ जून (४ तास)

दुसरा भाग. आता बार ३१.

मूळ डावा हात जी-३, बी-२, डी-३; सी मेजरमध्ये सी-४, ई-३, जी-३. मधला ई-३ नाही. तीन पर्याय पाडून ऐकले.

सी-३ घातला तर जोर येतो, पण मग पुढच्या बारमध्ये शेवटचा सूरही सी-३ च आहे, आणि तो आधीच ऐकू आलेला असतो. शेवटाची मजा गेली. काहीच न घालता मात्रा रिकामी ठेवली तर वरचा सी-५ एकटा पडतो. ई-४ घातला, म्हणजे तोच सूर एक सप्तक वर, तर उडी खाली जायच्या ऐवजी वर जाते, पण सुरांचं नातं टिकतं आणि शेवटचा सी-३ ताजा राहतो. ई-४ ठेवला.

बार १७ ने बराच वेळ घेतला. तिथे ई-६ दोनदा येतो, पहिल्या मात्रेला आणि अर्ध्या मात्रेच्या पाचव्या घराला. पहिला वाजायचा, दुसरा कधी नाही. अंतर १६ मिमी, म्हणजे चाकाचा प्रश्न नव्हता. पट्टी बाजूला सरकत होती. ई-६ ची रेघ सगळ्यात कडेची, त्यामुळे पट्टी अर्धा मिमी हलली तरी पहिला फटका तिलाच बसतो. कापताना मधे ६९ मिमी झाली होती. नवीन पट्टी कापून पुन्हा भोकं पाडली. दुसरा उपाय नाही. पट्टीची रुंदी दर १०० मिमीवर मोजा, नुसती टोकांना नको.

एक चुकीचं भोकही पडलं, बार २७ मध्ये. चिकटपट्टी लावली तर तिचा डिंक कडेने सुटून चाकाला लागतो. फक्त पतंगाचा कागद खळीने चिकटवला, तो दहाएक वेळा वाजवल्यावर टोकाने फाटला. टिकला तो उपाय असा: पंचमध्ये अडकलेली तीच टिकली चिमट्याने भोकात परत बसवायची, दोन्ही बाजूंना पतंगाच्या कागदाचा ५ मिमीचा तुकडा पातळ खळीने लावायचा, आणि वर जड पुस्तक ठेवून रात्रभर वाळवायचं. बोट फिरवलं तर जागा कळत नाही.

८ जून (२ तास)

चार पट्ट्या जोडायच्या: पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा. एकूण १५३६ मिमी.

एकावर एक चढवून चिकटवलं तर जाडी दुप्पट होते, रोलरखाली ठेचकाळतं आणि लय तुटते. कडेला कड भिडवून जोडायला हवं. सरळ जोड असला तर सगळी चाकं एकाच क्षणी फटीवरून जातात आणि टक् असा आवाज येतो. तिरका जोड हवा, पण भोकं न कापता.

जागा आहे. बार १६ मध्ये शेवटचं भोक सी-३ चं, खालच्या कडेला, पुढच्या बारच्या ८ मिमी आधी. वरच्या सुरांकडे शेवटचं भोक त्याच बारच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे २४ मिमी आधी. म्हणून जोडाची रेघ खालच्या कडेला पुढच्या बारच्या ५ मिमी आधी आणि वरच्या कडेला १६ मिमी आधी. उलगडलेल्या कॉर्डचं सी-४ चं भोक दोन मिमी आधी आहे, तेही सुटतं. बार ३२ नंतरही हाच कोन चालतो. मागच्या पट्टीवर ही रेघ आखून कापा, पुढच्या पट्टीच्या १८ मिमी कोऱ्या भागात तीच रेघ कापा, भिडवा, आणि चाकं ज्या बाजूला टेकत नाहीत त्या बाजूने कागदी टेप लावा.

पहिल्या पट्टीच्या पुढे ८० मिमीचा कोरा तुकडा याच पद्धतीने जोडा. १८ मिमीत रोलर पकडच घेत नाही.

१४ जून (२ तास)

पाऊस लागला आणि पट्टी मऊ पडली. कडा दबतात, पट्टी सरकते आणि पुन्हा बार १७ चा ई-६ जातो. ओएचपीच्या पारदर्शक शीटवर पाडून पाहिलं: भोकं सुंदर पडतात, पण रोलर घसरतो आणि लय कुठेच राहत नाही. कार्डशीटवरच परतलो. वाजवून झाली की पट्टी सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. घडी घालायची नाही.

२२ जून (अडीच तास)

पूर्ण पट्टी वाजली. मिनिटाला १२० मात्रांनी पुनरावृत्तीसह ९६ सेकंद व्हायला हवेत. मेट्रोनोम लावून सराव केल्यावर ९४ ते ९९ मध्ये येतात. १४० ला नेलं की मिनुएटची चाल जाते आणि नुसतं खेळणं वाजतं.

नुसत्या यंत्राचा आवाज फार बारीक. सिमेंटच्या ओट्यावर काही फरक नाही. लाकडी पाटावर बरा. ४ मिमी प्लायच्या रिकाम्या खोक्यावर स्क्रूने आवळल्यावर खालचा सी-३ खोलीभर ऐकू येतो.

खर्च: यंत्र, पंच आणि तीन कोऱ्या पट्ट्या ३,९५० रुपये, ए-३ कार्डशीट छपाईसह ४० प्रमाणे सात, २८०, चामड्याचा पंच १८० (नाही घेतला तरी चालेल), ओएचपी शीट ३०, टेप आणि पतंगाचा कागद ४०. एकूण ४,४८०. वेळ २२ तास. वरच्या चुका टाळल्या तर दहा तासांत आणि दोन शीटमध्ये व्हावं.

२८ जून

याचा जोडीदार, जी मायनरमधला परिशिष्ट ११५, तपासायला घेतला. मेजर, मायनर आणि पुन्हा मेजर असा क्रम वाजवण्याची रीत आहे, म्हणून त्याच पट्टीत तो हवा होता. सी मायनरमध्ये नेला की खालच्या सप्तकात कोमल गंधार, म्हणजे डी-शार्प-४, लागतो, आणि त्याचा दात या पेटीत नाही. वरचा डी-शार्प-५ आहे. डावा हात बराच वर उचलून लिहावा लागेल. आखणी सुरू केलेली नाही.